बंडीतला ओला माल

कापसाच्या बैलबंडीत माणूस लपवला तर तो कापसाच्या भावाने विकत घेत नाहीत. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, कारण माझ्याआधी तो लिहायची कोणाला गरजच पडली नव्हती.

मी मूळचा गुहागरकडचा, नोकरीने ठाण्यातला आणि लग्नाने यवतमाळ जिल्ह्यातला. माझी बायको सुजाता बोरी अरबच्या पलीकडच्या एका गावची. ठाण्याच्या कचेरीत आमची टेबलं शेजारी होती, पंखा एकच होता, तो कोणाकडे वळवायचा यावरून रोज भांडण व्हायचं, आणि शेवटी दोघांनी मिळून एकच घर घेतलं तर पंख्याचा प्रश्न सुटेल असं ठरलं. (सुटला नाही.) मला झाडं ओळखता यायची ती नारळ, सुपारी, आंबा, काजू, फणस एवढीच. कापूस मी पाहिला होता तो औषधाच्या दुकानात, निळ्या कागदात गुंडाळलेला. तो तसाच उगवत असावा अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

म्हणून त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत कचेरीतले लोक गोवा, महाबळेश्वर करत असताना मी जाहीर केलं, "मी यवतमाळला चाललोय. कापूस बघायला."

"यवतमाळला? फिरायला?" साहेबांनी चष्मा काढून विचारलं.

त्यांचंही चुकलं नव्हतं. ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात यवतमाळचं नाव दिसलं की लोक हळूच पान उलटायचे. त्या बाजूला माणसं जायची ती पाहणीला, नाहीतर गाडीतून उतरून फोटो काढायला. तिथे चार दिवस मजेत घालवायला निघालेला मी बहुधा पहिलाच पर्यटक.

आता माझ्यात एक दोष आहे, तो सांगायला हवा. मला कुतूहल फार. हे काय, ते कसं, ते तसंच का, हे विचारल्याशिवाय मला जेवण जात नाही. सुजाता म्हणते, "तुमचं तोंड आहे की चौकशीची खिडकी?"

सासरी पोचलो. जयभीम झाला, पाय धुतले, चहा झाला. सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "जवाईबापू, किती वाळून गेले हो तुम्ही! खाऊ घालत नाही का हे पोट्टी?" आणि त्या क्षणापासून माझ्या पानात भाकरी, पातोडीची भाजी आणि तूप यांचा जो मारा सुरू झाला तो थांबलाच नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, समोर बसून शांतपणे बघत होते. उंच, काटक माणूस. बोलणं इतकं कमी की लग्नात त्यांनी मला उद्देशून एकच वाक्य म्हटलं होतं, "हार काढा आता." तेही मी हार घालूनच जेवायला बसलो होतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी माझं पर्यटन सुरू झालं. विहीर किती खोल आहे हे बघायला मी इतका वाकलो की मामाजींनी मागून माझा पट्टा धरला आणि मी बघून होईपर्यंत काही न बोलता धरून ठेवला. बैल शिंगं का हलवतो हे मी अगदी जवळून समजून घेतलं. (माशी बसते म्हणून. मी माशीच्या बाजूला उभा होतो.) मग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एका वेलीला मखमली शेंगा लटकलेल्या दिसल्या.

"या कसल्या शेंगा?"

"खाजकुयरी," मामाजी म्हणाले.

"म्हणजे खरंच खाजते?"

"हो."

मी एक शेंग हाताने कुरवाळून पाहिली. खाजते.

दुपारपर्यंत मी अंगणात शेण फासून बसलो होतो. गावातली निम्मी माणसं या ना त्या निमित्ताने येऊन मला बघून गेली. मी पर्यटक म्हणून आलो होतो आणि स्थळ होऊन बसलो होतो.

तरी मूळ गोष्ट राहिलीच. शेतात बोंडं होती, पण घरात कापूस कुठे दिसेना. मी सासूबाईंना विचारलं, "आई, वेचलेला कापूस कुठे ठेवता?"

"लायनीत," त्या म्हणाल्या.

उलगडा सुजाताने केला. जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, सरकारी खरेदी चालू होती. बाहेरच्या व्यापाऱ्यापेक्षा तिथे भाव बरा, त्यामुळे सगळ्या तालुक्याच्या बंड्या तिथेच. बंडी म्हणजे इकडची बैलगाडी. माझा मेहुणा मिलिंद बंडी घेऊन दोन दिवसांपासून रांगेत होता. तिथेच जेवत होता, तिथेच बंडीखाली झोपत होता. रांग सरकली तर आज नंबर लागणार होता. आजच लागायला हवा होता, कारण उद्यापासून केंद्र बंद, आणि पुन्हा कधी उघडणार ते कोणी सांगत नव्हतं.

मामाजी मिलिंदचा डबा घेऊन निघाले तसा मीही कॅमेरा गळ्यात अडकवून निघालो.

"तिथे कशाला हात लावू नका," सुजाताने दारात बजावलं. "बाबांचं वर्षाचं काम आहे ते."

"मी काय लहान आहे?"

तिने माझ्या शेण लावलेल्या हाताकडे पाहिलं आणि ती आत गेली.

जिनिंगचं नाव सांगत नाही. तिथे अजून माझी आठवण काढतात असं कळतं. पण ते दृश्य मी विसरणार नाही. रस्त्याच्या कडेने, जिथवर नजर जाईल तिथवर, पांढऱ्या डोंगरांची रांग. प्रत्येक डोंगराखाली दोन चाकं, बाजूला बैल आणि वर तोंड करून बसलेला एक माणूस. बंडीच्या चारही बाजूंना बांबूचे तट्टे उभे केलेले आणि त्यात कापूस तुडवून तुडवून भरलेला. मी हरखलोच. लोक हे सोडून काश्मीरला का जातात?

मामाजी टोकनाची चौकशी करायला फाटकाकडे गेले. मी रांगेचा पूर्ण फोटो यावा म्हणून आमच्या बंडीवर चढलो. बस्स! कॅमेरा डोळ्याला लावला आणि चारी बाजूंनी माणसं धावत आली.

"आला रे पेपरवाला!"

"साहेब, लिहून घ्या, तिसरा दिवस हाय आमचा. बैलाले चारा नाई!"

"ग्रेडरचा फोटो काढा साहेब, तो पाहा, चहा पिऊन राह्यला!"

"नाही हो," मी वरून ओरडलो, "मी पेपरवाला नाही! मी फिरायला आलोय!"

 मग एक पागोटेवाले आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "फिराले? इथं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. निव्वळ कुतूहल होतं. त्या गर्दीत मला माझ्या जातकुळीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पण व्हायचं ते नुकसान झालं होतं. फाटकावरच्या चौकीदारानेही मला कॅमेऱ्यासकट पाहिलं होतं. थोड्या वेळाने रांग सरकली, आमची बंडी फाटकापासून दुसरी राहिली, आणि तो माझ्यासमोर काठी आडवी धरून उभा राहिला.

"पेपरवाल्याइले आत जाता येत नाई."

"मी जावई आहे."

"कोनाचा?"

"यांचा." मी मामाजींकडे बोट दाखवलं. मामाजी नेमके पाठमोरे होऊन बैलांना पाणी पाजत होते. त्यांनी ऐकलं नसावं. (त्यांनी ऐकलं होतं, असं आता वाटतं.)

"जवाई असो का कोनी असो. कॅमेरेवाला आत नाई म्हनजे नाई."

आता तुम्हीच सांगा. ठाण्याहून आख्खा महाराष्ट्र ओलांडून मी आलो होतो. फाटकाच्या आत काटा होता, ग्रेडर होता, कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं होती. आतून घर्रघर्र आवाज येत होता. कसला होता तो आवाज? हे न बघता मी परत जायचं?

मामाजी चौकीदाराला कागद दाखवायला पुढे गेले तसा मी मिलिंदजवळ सरकलो. मिलिंद पंचविशीचा, पदवीधर, स्वभावाने मोकळा आणि दोन रात्री नीट न झोपलेला. चांगल्या निर्णयाला लागणारी एकही गोष्ट त्या घडीला त्याच्यापाशी नव्हती.

"मिलिंद, मी कापसात बसलो तर?"

"म्हनजे?"

"म्हणजे आत. गळ्यापर्यंत. वर थोडा कापूस ओढून घ्यायचा. तट्ट्याला इथे फट आहे, त्यातून दिसेल सगळं. आत गेलो की उतरतो."

"भाऊजी, कायले मराले जाता? जीव घाबरन तुमचा."

"कापूसच तर आहे! मऊ असतो."

मिलिंदने डोळे चोळले. फाटकाकडे पाहिलं. "दहा मिनटाचं काम हाय," तो स्वतःशीच म्हणाला. "बरं, बसा. पन बाबाले सांगजा नोका."

मी खड्डा करून आत उतरलो. मिलिंदने माझ्या डोक्यावर कापूस पसरला. नाकासमोर त्याची दस्ती, इकडचा हातरुमाल, धरली, म्हणजे धागे नाकात जायला नकोत. पहिलं अर्धं मिनिट स्वर्ग होता! ऊबदार, मऊ, बाहेरचा आवाज दुरून येतोय. मला वाटलं, माणसं गाद्या का शिवतात? थेट आतच का नाही झोपत?

मग बंडी हलली.

कापसाबद्दल एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. (विचारली नव्हती, हे मला कबूल आहे.) कापूस बसतो. एकेक हिसका बसला की तो थोडा खाली जातो आणि त्याबरोबर आतला ऐवजही खाली जातो. पहिल्या खड्ड्यात तट्ट्याची फट माझ्या कपाळापाशी गेली. दुसऱ्या खड्ड्यात ती डोक्याच्याही वर गेली. मी हात वर काढायला गेलो तर हात निघेनात. कापूस सगळीकडून प्रेमाने धरून बसला होता. तुडवून भरलेल्या कापसात हात हलत नाहीत, पाय हलत नाहीत, फक्त विचार हलतात. आणि माझ्या डोक्यात त्या वेळी एकच विचार होता: हे इतकं गरम का होतंय?

घाम सुटला. अंगावरून काहीतरी चालायला लागलं. कापसात लाल किडे असतात हे मी सकाळीच मोठ्या कौतुकाने विचारून घेतलं होतं. आता त्यातला एक माझ्या मानेवरून खाली निघाला होता आणि त्यालाही सगळं बघायचं होतं. दस्ती ओली होऊन नाकाला चिकटली. श्वास तोकडा पडायला लागला तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो. "मिलिंद!" मी ओरडलो. कापसात आवाज कसा जातो हेही मला तेव्हाच कळलं. जात नाही.

बाहेर काट्यावर बंडी चढली. "भरली बंडी!" असं कोणीतरी ओरडलं. कोणीतरी वजन सांगितलं. मग मामाजींचा आवाज आला, जरा नवलाचा. "इतकं भरलं?" आणि मग स्वतःशीच, समाधानाने, "कापूस वजनदार हाय यंदाचा."

 माझ्या पोटात तेव्हा पातोडीची भाजी होती, आणि तीही काट्यावर गेली होती.

बंडी पुढे जाऊन थांबली. चपला वाजल्या. नवा आवाज, अधिकाराचा. "कोणाचा माल?"

"माहा हाय साहेब," मामाजी म्हणाले.

हा ग्रेडर. कापूस कोणत्या प्रतीचा, घ्यायचा की नाही, हे ठरवणारा माणूस. त्या आवारात सगळे त्याच्याकडे, देव नवसाला पावतो की नाही अशा नजरेने बघायचे.

"गोटे, माती काही टाकलं नाही ना? काल एकाच्या बंडीत पाटा सापडला. मसाला वाटायचा."

आणि मग माझ्या आयुष्यात मी मामाजींच्या तोंडून सलग तीन वाक्यं ऐकली. "साहेब, घरच्याइनं हातानं वेचला हाय. एकदम साफ. काडी सापडली तं सांगा, त्यात कापसाशिवाय काहीच नाई."

"सळई घाला रे!"

सळई? कसली सळई? माझं कुतूहल त्या परिस्थितीतही जागं झालं, आणि तेवढ्यात एक लोखंडी सळई माझ्या डाव्या कानाजवळून खर्रकन आत आली. गेली. पुन्हा आली, ती गुडघ्यांच्या मधून. कापसात दगड आहेत का हे बघायची ती रीत. मी दगडासारखाच स्थिर झालो होतो, फक्त त्यांना सापडत नव्हतो. वर मिलिंद घाईघाईने म्हणाला, "साहेब, राहू द्या, सळईनं कापूस खराब होते!"

"सळईने कापूस खराब होत नाही."

"बैल बिचकते साहेब!"

बैल रवंथ करत होता. पण देवाची कृपा, सळई थांबली. मग ग्रेडर बंडीवर चढला. ओलावा बघायला त्याने बाही सरसावून हात आत खुपसला आणि तो हात थेट माझ्या टकलावर येऊन पडला.

मला तिशीपासूनच टक्कल आहे. त्या घडीला त्यावरून घाम निथळत होता. ग्रेडरने पंजा गोल फिरवला, दोनदा दाबून पाहिलं आणि हात बाहेर काढला.

"माल ओला आहे!"

"होऊच शकत नाई," मामाजी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "आठ दिवस उन्हात वाळू घातला हाय साहेब."

"माझा हात बघा! पाणी मारलंय तुम्ही. स्वतः हात घालून बघा."

मामाजी चाकावर पाय देऊन चढले आणि त्यांनी हात घातला. दणदणीत, रागाचा हात. तो माझ्या कानापर्यंत आला आणि थांबला. बोटांनी कान चाचपला. कानाची पाळी धरून पाहिली. मग हळूहळू बोटं खाली आली, नाक लागलं, चष्मा लागला.

 आत मी श्वास रोखलेला, बाहेर बहुधा त्यांनी.

मग मामाजींनी अगदी सावकाश हात काढला, वरचा कापूस थोपटून नीट केला आणि म्हणाले, "हो साहेब. इथं जरासा ओला हाय. तुम्ही दुसऱ्या बाजूनं पाहा."

त्या वाक्यासाठी मी जन्मभर त्यांचा ऋणी आहे. पण तेवढ्यात तो लाल किडा दस्तीखालून माझ्या नाकात शिरला.

मी शिंकलो. ठाण्यात माझी शिंक प्रसिद्ध आहे, कचेरीत ती आली की टपालवाला पायरीवर थांबतो. बंडीतून कापसाचा फवारा उडाला. ग्रेडर "आई गं!" म्हणून मागे कोसळला, तो बरा मागच्याच बंडीतल्या कापसावर पडला. कोणी "साप!" ओरडलं, कोणी "डुक्कर!" ओरडलं. बैल मात्र आता खरंच बिचकले. मिलिंद आणि मामाजींनी माझ्या काखेत हात घालून मला मुळ्यासारखं उपटलं, आणि मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, लाल डोळ्यांचा, गळ्यात कॅमेरा अडकवलेला, सगळ्या आवारासमोर उभा राहिलो.

"नमस्कार," मी म्हणालो.

ग्रेडरची नजर कॅमेऱ्यावर गेली आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच पालटला. तो धडपडत उठला. "अहो साहेब! असं लपून कशाला? सरळ सांगायचं ना! आम्ही काय काही लपवतो का? अरे, खुर्ची आणा! चहा सांगा! कोणत्या पेपरचे तुम्ही?"

पाण्याचा पेला आला. खुर्ची आली. ग्रेडर मामाजींकडे वळून मधाळ आवाजात म्हणाला, "तुमचा माल एक नंबर आहे काका. लगेच उतरवून घेऊ. थोडा ओलावा वाटला, तो काही नाही, माझ्याच हाताला घाम होता."

मिलिंदने माझ्या पायावर पाय दिला. जोरात दिला. मामाजी आभाळाकडे बघत होते. मला फक्त गप्प बसायचं होतं. एक घोट पाणी प्यायचं, गंभीर चेहरा करायचा आणि गप्प बसायचं. कोणालाही जमलं असतं.

"नाही नाही, गैरसमज होतोय," मी म्हणालो. "मी पत्रकार नाही. मी यांचा जावई. आत काय असतं ते बघायचं होतं, म्हणून बसलो."

मिलिंदने पाय काढून घेतला. आता त्याचा उपयोग नव्हता.

खुर्ची परत गेली. चहा दिसला होता, तो वाटेतूनच वळला. ग्रेडर लालबुंद झाला. "म्हणजे वजन वाढवायला माणूस भरला? दगड ऐकले, पाणी ऐकलं, हे नवीन काढलं का? न्या ही बंडी बाहेर! माल घेणार नाही!"

 मिलिंदचे दोन दिवस, घरच्यांची वेचणी, उद्यापासून बंद होणारं केंद्र, सगळं माझ्या चौकशीपायी पाण्यात. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "गप," मिलिंद म्हणाला. मागच्या बंडीवाल्यांनीही गलका सुरू केला. काही हसत होते, काही चिडले होते. "बाहेर काढा नाईतं आत घ्या, पन लाईन चालू करा!" पागोटेवाले आजोबा सगळ्यांना सांगत होते, "मी म्हटलं नाई? हा फिराले आलता!"

तेव्हा मामाजी पुढे झाले. आवाज चढवला नाही. कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "साहेब, एक गोष्ट सांगा. वजन वाढवाले मानूस काय टाकते? गोटा टाकते, पानी टाकते. कावून? का ते तुमच्याच इथं राहून जाते. जवाई कायले टाकन? जवाई तं वापस घरी न्या लागते. न्या लागते आन वरून खाऊ घाला लागते. यात माहा फायदा काय हाय?"

 मग पलीकडच्या बंडीवरून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग त्याच्या मागचा. तीन दिवस उन्हात ताटकळलेली ती माणसं अशी हसायला लागली की बैलांच्या घंटा वाजल्या. हमाल पोती टाकून हसत होते. चौकीदार काठीवर रेलला. ग्रेडरने तोंडावर हात धरून बराच प्रयत्न केला, पण खांदे हलायला लागले आणि मग त्यालाही आवरेना.

"बरं," तो डोळे पुसत म्हणाला, "बंडी आता मागे घेता येत नाही. जावयाचं वजन वेगळं करा आणि त्यातून वजा करा."

सरकीची पोती तोलायचा काटा होता, त्यावर मला उभं केलं. काट्यावरच्या माणसाने आकडा सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. तो आकडा मी इथे देत नाही. एवढंच सांगतो की "वाळून गेले" हा सासूबाईंचा आरोप त्या दिवशी कायमचा निकालात निघाला.

माल घेतला गेला. बंडी रिकामी होताना मला अखेर जवळून बघायला मिळालं, आणि तो घर्रघर्र आवाज कसला होता तेही कळलं. आवारातल्या चहाच्या टपरीवर कोणीतरी मिरच्या दळत होतं. यंत्रं त्या दिवशी बंदच होती.

निघता निघता रांगेतून एक जण ओरडला, "साहेब, कापसाले ग्रेड लावला, जवाईले कोनता लावता?"

ग्रेडरने हसत मामाजींकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा काका. माल तुमचा."

मामाजींनी मला डोक्यावरच्या सरकीपासून पायातल्या एकाच चपलेपर्यंत नीट पाहिलं. (दुसरी बंडीत होती, ती बहुधा पुढे गाठींमध्ये गेली.) मग बैल जुंपायला वळता वळता म्हणाले, "फरतड."

जे हसून थकले होते तेही पुन्हा उठून हसले. मला काही कळेना. मी आजोबांना विचारलं, "फरतड म्हणजे काय हो?" त्यावर तर एक हमाल खालीच बसला. मिलिंदला विचारलं, तो तोंड फिरवून बैलांशी बोलायला लागला. घरापर्यंत मी विचारत होतो आणि कोणी सांगत नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

घरी सगळा प्रकार आधीच पोचला होता. सुजाता माझ्या पाठीतून कापसाचे धागे उपटत होती, रागाने, एकेक, मुद्दाम जोरात. मी तिलाच विचारलं.

"फरतड म्हणजे हंगाम संपल्यावर झाडाला उरतो तो कापूस," ती म्हणाली. "आखूड, पिवळट, किडलेला. बाजारात त्याला कोणी विचारत नाही."

मी जरा आशेने विचारलं, "पण टाकून तर देत नसतील ना?"

"नाही. कष्टाने आलेला असतो, टाकवत नाही. घरीच गादीत भरतात."

मला एकदम बरं वाटलं. म्हणजे मामाजींनी मला घरचं माणूस म्हटलं होतं!

"गादीत," सुजाता म्हणाली, "खालच्या बाजूला."

मी लगेच वळून विचारलं, "खालच्याच बाजूला का?"